उत्तरेच्या खिडकीसाठी तीन फुलदाण्या

मुरानो, बुधवार, ३ नोव्हेंबर १९९९

देल्फीना,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पोस्टमनने दारातच "तोरिनोहून आहे, गिल्दो, बहिणीचं दिसतंय" असं मलाच वाचून दाखवलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत अर्ध्या बेटाला बातमी लागली असणार. अडतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, उजवीकडे पळत सुटलेलं.

साठाव्या वर्षी स्वतःचं घर घेतलंस, चांगलं केलंस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे पडदे शिवल्यावर एक खिडकी आपली असावी असं कुणालाही वाटेल. तू लिहितेस: "तीन जुन्या फुलदाण्या हव्यात, मी बेट सोडलं त्याच्या आधीच्या. तुला काच कळते म्हणून तुला सांगते. बाकी काही लिहू नकोस." सोबत खोलीचं माप, भिंतीचा रंग आणि खिडकी उत्तरेला आहे एवढी एक ओळ. ठीक आहे. बाकी काही लिहीत नाही. काचेबद्दलच लिहितो.

उत्तरेच्या खिडकीत दिवसभर एकसारखा, थंड उजेड असतो. तिथे लाल काच ठेवू नकोस, चारनंतर ती काळी दिसायला लागते. गडद निळीही नको. हवी ती अशी काच, जी थोड्या उजेडावर भागवते: मधाच्या रंगाची, धुरकट, किंवा दुधी धाग्यांची. आणि तिन्ही एका ओळीत मांडायच्या नाहीत. दोन जवळ, एक लांब. दुकानात मांडतात तशी मांडलीस की घराचं दुकान होतं.

इनेसबाई आठवतात ना? कारखान्यात, काच गवतात बांधून पाठवायच्या खोलीत तुझ्या वरच्या होत्या त्या. आता एक्याऐंशीच्या आहेत. नवऱ्याच्या होडीघरात जुन्या फुलदाण्यांचा ढीग घेऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना शिव्या देतात. काल संध्याकाळीच जाऊन आलो. तीन निवडल्या. पहिली जाड, हिरव्या काचेच्या आत मधाचा रंग बुडवलेली, हातभर उंच. दुसरी चारी कोपरे वर उचललेल्या रुमालासारखी, पांढरे धागे. तिसरी धुरकट, पोटाला साणेने पाडलेल्या छोट्या छोट्या खाचा, हातोडीने ठोकल्यासारख्या. हात फिरवलास की कळेल किती बारीक काम आहे ते.

फुलं घालणार आहेस की रिकाम्या ठेवणार? कळव. पाणी घालायचं असेल तर मी बुडं पुन्हा तपासतो.

गिल्दो


मुरानो, मंगळवार, ९ नोव्हेंबर

देल्फीना,

आधीच्या पत्रातली पहिली फुलदाणी रद्द.

चार दिवस माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. रोज सकाळी होडीघरात जातो, ती हिरवी उचलतो, उत्तरेकडच्या दाराशी धरतो, खाली ठेवतो, घरी येतो, पुन्हा जातो. काल कारण सापडलं. तिचं बूड फार स्वच्छ आहे. पन्नास वर्षं कपाटावर उभी राहिलेली काच खालून खरखरीत होते, बारीक ओरखडे येतात, कुणी धूळ पुसताना सरकवतं त्याचे. हिच्या बुडाला काहीच नाही. नवी आहे किंवा कुणीतरी बूड पुन्हा घासून गुळगुळीत केलंय. तू कुठे दुसरीकडे घ्यायला गेलीस तर आधी उलटी करून बघ. चिकटवलेल्या चिठ्ठीकडे अजिबात बघू नकोस. चिठ्ठ्या छापायला काय लागतं.

इनेसबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तू फुलदाणी निवडतोयस की सून? सहा वेळा बघायला आलास."

"गिऱ्हाईक चोखंदळ आहे," मी म्हणालो.

"कोण गिऱ्हाईक?"

"बोलोन्याचा एक दंतवैद्य."

"अस्सं. आणि तूच सांगितल्याप्रमाणे त्या दंतवैद्याच्या घराची खिडकी उत्तरेला आहे, भिंत राखाडी आहे, आणि त्याला एकसष्टच्या आधीचीच काच हवी आहे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोस्टमन माझ्याकडे पण येतो रे."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आतून एक फुलदाणी काढून आणली, बुडबुडेच बुडबुडे भरलेली, साबणाच्या पाण्यासारखी, फिकट हिरवी. म्हणाल्या, "ही दे दंतवैद्याला. हिच्यात उजेड अडकून राहतो." बरोबर होतं. त्या नेहमी बरोबर असतात आणि म्हणूनच त्यांच्याशी कुणी फार वेळ बोलत नाही.

तर आता: बुडबुड्यांची, रुमालाची आणि धुरकट. धुरकटवर मी ठाम आहे.

गिल्दो


मुरानो, सोमवार, १५ नोव्हेंबर

देल्फीना,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "धुरकट नको, ती बाबांच्या हातची आहे."

मी लिहिलं नव्हतं. मुद्दामच लिहिलं नव्हतं. तू चार शब्दांच्या वर्णनावरून ओळखलंस. बाबांनी फुंकलेली आणि मी साणेवर घासलेली, बरोबर, सत्तावन्नची. त्या वर्षी आम्ही अशा अकरा केल्या, आणि बाबांचं नाव एकीवरही नाही, कारण उस्तादाचं नाव काचेवर घालायची आपल्याकडे रीत नव्हती, मालकाचं असायचं. इनेसबाईंकडे आहे ती आठवी असावी. मला वाटलं तू ती घरात ठेवशील आणि मला एक दिवस कळवशील की सगळ्यात ती आवडली. मग मी सांगितलं असतं. असा माझा बेत होता. मूर्खपणाचा होता.

आज सकाळपासून बेटाला तीन फेऱ्या मारल्या. दीपगृहापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बेकरीवाली म्हणाली, "काय हरवलंय, गिल्दो?" घरी येऊन कागद घेतला, चार ओळी लिहून फाडला, दुसरा घेतला.

तू सांगितलंस बाकी काही लिहू नकोस. पण तू बाबांचं नाव काढलंस, म्हणजे बाकीचं तूच आधी लिहिलंस. म्हणून एवढंच लिहितो. एकसष्ट सालातला तो सप्टेंबरचा दिवस मला आता नीट आठवत नाही. खूप वर्षं झाली. त्या वेळी सगळेच घाबरलेले होते. कोण काय बोललं हे आता धरून बसण्यात अर्थ नाही, आणि बाबा जाऊनही सतरा वर्षं झाली. तू त्यांच्या अंत्यविधीला आली नाहीस, तेही मी कधी मनात ठेवलं नाही.

धुरकटच्या जागी दुसरी शोधतो.

गिल्दो


मुरानो, शनिवार, २० नोव्हेंबर

देल्फीना,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते खोटं होतं. मला सगळं आठवतं. पत्र पेटीत टाकलं आणि जेटीवरून घरी येईपर्यंत मला स्वतःची किळस आली. पोस्टमनला गाठून परत मागणार होतो, पण तो निघून गेला होता.

आता नीट लिहितो. वाचायचं नसेल तर फाड, पण मी लिहिणार आहे.

ती मिलानोच्या प्रदर्शनाची फुलदाणी बाबांनी मंगळवारी फुंकली. निळी, आत दुधी थर, अर्धा मीटर उंच आणि बोटभर जाड. तेवढी जाड काच निववणीच्या भट्टीत तीन दिवस हळूहळू गार व्हावी लागते. त्याआधी बाहेर काढली तर बाहेरून गार दिसते आणि आतून ताणलेली राहते. मग ती कधी फुटेल सांगता येत नाही, तासाभरात किंवा वीस वर्षांनी, कुणी हात न लावता. हे आपल्या घरात तुला आणि मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

बाबांनी ती बुधवारी संध्याकाळीच काढली. मालकाने घाई केली नव्हती. बाबांनाच राहवलं नाही. त्यांना बघायची होती. गुरुवारी माझ्याकडे बूड घासायला आली. साणेला लावली तेव्हा तिच्यातून एक बारीक कापरं माझ्या मनगटापर्यंत आलं. मी साण थांबवली. बाबांना बोलावून म्हणालो, "बाबा, ही अजून निवलेली नाही."

ते म्हणाले, "तू घास."

मी घासली.

शुक्रवारी तू ती गवतात बसवत होतीस. दोरी आणायला अंगणात गेलीस आणि परत आलीस तेव्हा ती दोन तुकडे होऊन पडली होती. मालक आला. आम्ही सगळे दारात जमलो. तू म्हणालीस, "मी हात लावला नाही." आणि बाबा म्हणाले, "पोरीचा हात लागला असेल. सांगत होतो, घाई करते." उस्तादाने काच वेळेआधी काढली हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा मुलगी धांदरट निघालेली त्यांना परवडली.

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मी खाली वाकून बुटांवरची काचेची भुकटी झाडली.

बस, एवढंच. त्या दुपारी तुला काढून टाकलं. त्यानंतर चाळीस दिवस आपण एका टेबलावर जेवलो आणि मी तुला मीठ दे, भाकर दे याच्यापलीकडे काही बोललो नाही. मग तू गेलीस. मी स्वतःला सांगत राहिलो की मी बाबांना वाचवलं. खरं तर मला माझी साण सोडायची नव्हती आणि बाबांना घाबरत होतो, सत्ताविसाव्या वर्षीही. मला लाज वाटते, देल्फीना. रोज वाटत नव्हती, हेही खरं सांगतो. काही वर्षं तर मी विसरूनही गेलो होतो. त्याची आता जास्त लाज वाटते.

उद्या सालूतेचा सण. देवळात मेणबत्ती लावून आल्यावर इनेसबाईंकडे जेवायला दरवर्षीप्रमाणे जुनी माणसं जमतात. त्या दिवशी दारात उभे असलेल्यांपैकी आता माझ्याखेरीज चौघं उरली आहेत आणि चौघंही त्या टेबलावर असतील. ज्यांच्यासमोर तुझं नाव गेलं त्यांच्यासमोर मी ते परत आणणार आहे. अडतीस वर्षं उशीर झालाय, मला माहीत आहे.

आणि एक मागतो. फुलदाण्या मी पार्सलने पाठवणार नाही. स्वतः घेऊन यायचं आहे. तू दारातून घेऊन मला परत पाठवलंस तरी चालेल. पण ये म्हणालीस तरच येईन.

गिल्दो


मुरानो, सोमवार, २२ नोव्हेंबर

देल्फीना,

बोललो.

कसं झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला अजून त्याचा ताळमेळ लागलेला नाही.

देवळात एवढी गर्दी होती की मेणबत्ती मला लावताच आली नाही, एका बाईने हातातून घेऊन लावली. होडीघरात पोचलो तोवर सूप वाढलं होतं, नेहमीचं, धुरावलेलं मटण आणि कोबी. इनेसबाई, प्रीमो, काचेची तोडणी करणारी अगाता आणि भट्टीवाला बेपी. मी बसलोच नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "मिलानोची फुलदाणी माझ्या बहिणीने फोडली नव्हती. बाबांनी ती दोन दिवस आधी काढली होती. मला घासतानाच कळलं होतं आणि मी बोललो नाही."

मला वाटलं होतं चमचे थांबतील. कुणाचाच थांबला नाही.

प्रीमोने भाकर मोडली आणि म्हणाला, "हो, मग?"

"मग काय? ती निर्दोष होती."

"ते माहीत आहे," अगाता म्हणाली.

मी इनेसबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बस गिल्दो, सूप निवतंय. तुकडे मीच झाडले होते. एकच भेग होती, बुडापासून ओठापर्यंत, एका ओढीत गेलेली. कुणाचा धक्का लागला असता तर लागला तिथून चहूकडे तडकली असती. आम्ही काय किराणा विकत होतो? त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला ते तुकडे बघून कळलं नाही. मालकालासुद्धा कळलं होतं."

"मग बोलला का नाही कुणी?"

"तिचा बाप उस्ताद, तिचा भाऊ साणेवर. घरचे दोघं गप्प, तर आम्ही कोण लागून गेलो? वाट बघत होतो, तू बोलशील. आधी दुपारभर बघितली. मग ती जाईपर्यंत. मग आमचीही वाट बघायची सवय मोडली." बेपी मान हलवत होता. त्याला आता ऐकू येत नाही, पण विषय कुठला हे त्याला कळलं असावं, कारण त्याने माझा हात धरून मला खाली बसवलं.

मी सूप प्यायलो. काय करणार होतो?

काल दुपारपासून एकच विचार डोक्यात फिरतोय. इनेसबाईंनी तुकडे झाडले, पण त्यांच्या आधी तू त्या खोलीत होतीस. दोरी घेऊन आत आलीस तेव्हा ते दोन तुकडे पहिल्यांदा तू पाहिलेस. चार शब्दांवरून जी बाबांची काच ओळखते, तिला ती भेग वाचता आली नसेल असं मी इतकी वर्षं कसं धरून चाललो? दारात माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला सगळंच ठाऊक होतं. आणि मलाही ठाऊक आहे, हेही. तुला माझ्याकडून काही कळायचं राहिलंच नव्हतं. तुला फक्त मी तोंड उघडलेलं हवं होतं.

आणि मी मागच्या पत्रात तुला समजावून सांगत बसलो की जाड काच किती दिवस निववतात.

मी गुपित राखलंय असं मला वाटत होतं. सगळ्या बेटाला माहीत असलेली गोष्ट मी एकट्याने छातीशी धरून ठेवली होती. बाबाही त्यातून वाचले नाहीत. लोक त्यांना तोंडावर उस्ताद म्हणायचे आणि मागे काय म्हणायचे ते काल अगाताने सांगितलं, ते मी लिहीत नाही. तू तेवढी गेलीस. मला तुझ्यावर रागही येतो, देल्फीना, तू एकदा तरी ओरडायला हवं होतंस माझ्यावर. पण हा राग मला शोभत नाही हे कळतं.

फुलदाण्या ठरल्या आहेत. बुडबुड्यांची, रुमालाची, आणि तिसरी एक छोटी, पिवळसर, उभट, एका फांदीपुरती. तिच्या बुडाला ओरखडेच ओरखडे आहेत, कुणीतरी रोज सरकवून पुसलेली. ती कुणी फुंकली हे इनेसबाईंनाही माहीत नाही आणि मला तेच बरं वाटलं. निघताना त्यांनी धुरकटसुद्धा माझ्या हातात कोंबली. म्हणाल्या, "ती नको म्हणाली तर परत आण. पण विचारल्याशिवाय परत आणू नकोस."

तर विचारतो. चौथीबद्दलही आणि माझ्याबद्दलही.

गिल्दो


तोरिनो, शनिवार, २७ नोव्हेंबर १९९९

गिल्दोदादा,

गुरुवारी ये, सकाळच्या गाडीने. स्टेशनवर मी येणार नाही, माझे गुडघे दुखतात. दोन मजले आहेत, लिफ्ट नाही. बाबांची पण आण. ठेवायची की नाही ते मी ती हातात घेतल्यावर ठरवेन.

ओरडायचं म्हणतोस, ते राहिलंय. जेवून झाल्यावर ओरडेन.

काच मांडीवर घेऊन बस, वर फळीवर ठेवू नकोस. आणि वाटेत एखादी फुटली तर आत येण्याआधी दारातच सांग, कुणाच्या हातून फुटली ते.

देल्फीना